शुद्ध प्रत

वेष्टनांवरचा आणि बाटल्यांवरचा मजकूर वाचण्याचा मला नाद आहे. वाण्याकडची पुडी ज्या कागदात बांधून येई, तो कागद उलगडून, हाताने सरळ करून, अर्ध्यावर तुटलेली बातमीसुद्धा चवीने वाचणारी एक पिढी होती. त्या पिढीचा मी बहुधा शेवटचा वारस असेन. मलमाच्या नळीवरचे मुंगीएवढे अक्षर, लोणच्याच्या बरणीवरची तारीख, औषधाच्या खोक्यातला सोळा घड्यांचा कागद, काहीच माझ्या तावडीतून सुटत नाही. या वाङ्मयप्रकाराला आमच्या अभ्यासक्रमात अद्याप जागा मिळालेली नाही. पण थोडक्या शब्दांत पुष्कळ सांगावे कसे, हे शिकायचे तर ते येथेच.

गेल्या वर्षी मात्र एका कुपीवरच्या दोन-तीन ओळींनी मला जेवढे अडवून धरले, तेवढे दुर्बोध म्हणून गाजलेल्या कवींनीही धरले नव्हते. कुपी करंगळीच्या पेराएवढी. आत तळाशी पिठीसाखरेची चिमूट सांडावी तसे काहीतरी पांढरे. वरचा मजकूर इंग्रजीत होता. मराठीत सांगायचा तर असा : ‘अल्फा-सायन्यूक्लिन. मानवी, पुनःसंयोजित.’ आणि त्याखाली : ‘केवळ संशोधनासाठी. मनुष्यावर वापरण्यासाठी नाही.’

आता हे मानवी आहे, आणि तरीही माणसासाठी नाही, म्हणजे काय? मी माझ्या भाचीला विचारले. ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते आणि कुपी तिच्याच हातात होती.

“कोणाच्या अंगातून काढलंय हे?”

“कोणाच्याच नाही, मामा,” ती म्हणाली. “जंतूंनी तयार केलंय.”

म्हणजे जे कुठल्याही माणसातून आले नाही आणि कुठल्याही माणसात जायचे नाही, त्याचे आडनाव मात्र ‘मानवी’! मराठीच्या अध्यापकाला पछाडायला एवढे पुरे होते.

पण खरे सांगायचे तर, मला पछाडायला आणखी एक कारण होते. माझ्या वडिलांना, अण्णांना, सहा वर्षांपासून कंपवात आहे. आणि त्या कुपीत जे प्रथिन होते, त्याचेच गोळे या रोगात मेंदूच्या पेशींमध्ये साचतात.

अण्णा तालुक्याच्या गावी शाळामास्तर होते. त्यांचे अक्षर पंचक्रोशीत प्रसिद्ध. गावातल्या लग्नांच्या याद्या, देवळातल्या देणगीदारांचे फळे, सोसायटीची मानपत्रे, सगळे त्यांच्याच हातचे. फळ्यावर ते ओळी न आखता लिहीत आणि ओळ सुतात धरल्यासारखी येई. मुलाच्या मागे उभे राहून, त्याची मूठ आपल्या मुठीत घेऊन ते ‘श्री’ गिरवून घेत. अशा गिरवलेल्या ‘श्री’वर आमच्या गावातली दोन-तीन पिढ्यांची अक्षरे उभी आहेत.

रोगाने पहिली खूण केली ती या अक्षरावरच. हात थरथरू लागला तो मागाहून. घरखर्चाच्या वहीत ओळीच्या आरंभी अक्षर ठीक असे. पुढे पुढे ते बारीक होत जाई आणि समासाजवळ पोहोचेपर्यंत मुंग्यांची रांग होई. आम्हांला वाटले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मेंदूच्या डॉक्टरांनी मात्र वहीची दोन पाने उलटली आणि मान हलवली. कंपवातात अक्षर असे आक्रसते, हे त्यांच्या शास्त्राला चांगले माहीत आहे. मेंदूच्या तळाजवळ काळसर पेशींचा एक पट्टा असतो. डोपामीन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या त्या पेशी हळूहळू मरतात आणि हातापायांची हालचाल अडखळू लागते. १९६०च्या दशकात आलेले लेव्होडोपा हे औषध अजूनही या रोगातले मुख्य औषध आहे. गोळी घेतली की अण्णांचे अक्षर दोन-तीन तास जरा मोठे होते. मग पुन्हा मुंग्या. गोळी उणीव भरून काढते. मरणाऱ्या पेशींना थांबवणे तिच्या हाती नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या रोगावरचा आपला निबंध १८१७ साली छापला. १९१२ साली फ्रिड्रिख लेव्ही यांना अशा रोग्यांच्या मेंदूत, पेशींच्या आत, गोल गोल डाग दिसले. ते डाग कशाचे, हे कळायला पंच्याऐंशी वर्षे लागली. मधल्या काळात, १९८८ साली, अमेरिकेतल्या संशोधकांना विजेचा झटका देणाऱ्या एका माशाच्या मज्जापेशींत एक प्रथिन सापडले. ते दोन पेशींच्या संधिस्थानी, म्हणजे ‘सिनॅप्स’पाशी, आणि पेशीच्या केंद्राशी, म्हणजे ‘न्यूक्लियस’पाशी आहे असे त्यांना दिसले. दोन्ही शब्दांचे तुकडे जोडून त्यांनी नाव ठेवले सायन्यूक्लिन. पुढे त्याचे मुख्य ठाणे संधिस्थानीच असल्याचे ठरले. नाव मात्र राहिले. मग १९९७ साली दोन गोष्टी एकाच वर्षात घडल्या. लेव्हींच्या त्या डागांत हेच प्रथिन खच्चून भरलेले आहे, असे दिसून आले. आणि इटलीतल्या सालेर्नोजवळच्या कोंतुर्सी गावच्या एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या कंपवाताचे मूळ याच प्रथिनाच्या जनुकात सापडले.

ते मूळ कोणते, हे भाचीने मला समजावून सांगितले तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. कारण ती बोलत होती ती माझीच भाषा होती.

हे प्रथिन म्हणजे १४० अमिनो आम्लांची एक माळ. अमिनो आम्लाला एक अक्षर समजा. अनुष्टुभ छंदातल्या एका श्लोकाची अक्षरे ३२. म्हणजे हा सगळा ग्रंथ साडेचार श्लोकांहूनही थोडा लहान. कोंतुर्सीच्या घराण्यात या १४० अक्षरांपैकी ५३वे अक्षर बदललेले होते. बस्स, एक अक्षर! जुन्या पोथ्या पाहणारे आम्ही लोक याला पाठभेद म्हणतो आणि त्यावरून वर्षानुवर्षे भांडतो. येथे एका पाठभेदावर माणसांच्या पिढ्या कापत राहिल्या. त्याहून मौज अशी, की उंदराच्या प्रथिनात ५३व्या जागी तेच अक्षर मुळातच आहे, आणि त्याने उंदराचे काही बिघडत नाही. एका पोथीतली चूक ती दुसऱ्या पोथीतला शुद्ध पाठ.

पण अण्णांच्या आणि त्यांच्यासारख्या बहुसंख्य रोग्यांच्या बाबतीत अक्षर बदललेले नसते. १४०च्या १४० अक्षरे जागच्या जागी असतात. मग बिघडते काय? हे कळण्यासाठीच तर ती कुपी.

त्या कुपीतली प्रत कशी तयार होते, ते आता सांगतो. साऱ्या सजीवांच्या जनुकांची लिपी एकच आहे. हरगोविंद खुराना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच लिपीचा अर्थ लावण्यासाठी. लिपी एक असल्यामुळे माणसाचा मजकूर जंतूलाही उतरवता येतो. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा एक भाडेकरू राहतो. थिओडोर एशेरिक यांनी १८८५ साली त्याची ओळख करून दिली. या जंतूच्या पोटात मुख्य ग्रंथाखेरीज काही सुटी, वाटोळी पाने असतात. असे एक पान कापायचे, त्यात माणसाचा मजकूर चिकटवायचा आणि पान पुन्हा जंतूच्या पोटात सोडायचे. ‘पुनःसंयोजित’ या जडजंबाल शब्दाचा अर्थ एवढाच. दुसऱ्याच्या पोथीत अशी ओवी घातली तर आम्ही तिला प्रक्षिप्त म्हणतो आणि नाक मुरडतो. जंतू नाक मुरडत नाही. तो इमानी लेखनिकासारखा पुढ्यात आलेले उतरवून काढतो. अर्थ कळो न कळो. मधुमेहाच्या रोग्यांना मिळणारे मानवी इन्सुलिन १९७८ साली अशाच लेखनिकाकडून प्रथम उतरवून घेतले गेले आणि १९८२पासून ते औषध म्हणून मिळू लागले.

भाचीच्या प्रयोगशाळेत हा लेखनिक मीठ, यीस्टचा अर्क आणि पचवलेली प्रथिने यांच्या काढ्यात वाढतो. काढा ३७ अंशांवर, आपल्या अंगाइतका ऊबदार. अनुकूल काळात दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतात. पुरेसे झाले की एक द्रव्य टाकून त्यांना ‘आता लिहा’ अशी आज्ञा द्यायची. तीन-चार तासांनी सगळे जंतू गोळा करायचे, फोडायचे, आणि जो लगदा होईल तो चक्क उकळायचा.

“उकळायचा?” मी विचारले.

“हो. जंतूची स्वतःची प्रथिनं उकळल्यावर नासतात, अंडं उकडल्यावर पांढरं होतं ना, तशी. आपलं मात्र विरघळलेलंच राहतं. साका खाली बसतो, वरच्या निवळीत आपलं प्रथिन.”

याचे कारणही तिने सांगितले. इतर प्रथिने घडी घातलेल्या कपड्यासारखी असतात. उकळल्यावर घडी मोडते आणि ती एकमेकांत अडकतात. या प्रथिनाची पाण्यात मुळी ठरीव घडीच नसते. मोडणार काय? मग ती निवळी आणखी दोन-तीन प्रकारे गाळायची, आणि एका लिटर काढ्यातून हाती लागतात काही मिलिग्रॅम. सोन्याहून कितीतरी पट महाग असा हा ऐवज उणे ८० अंशांच्या शीतपेटीत ठेवतात. कुपीबरोबरच्या कागदावर शुद्धतेचे प्रमाण टक्क्यांत दिलेले असते.

मला एकनाथ आठवले. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली. पुढल्या तीनशे वर्षांत प्रती करणाऱ्यांनी तिच्यात बरेच काही घातले, गाळले. शके १५०६ म्हणजे १५८४ साली नाथांनी अनेक प्रती पाहून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. नाथांची निवळी आणि माझ्या भाचीची निवळी यांत अंतर फार, हे मला कळते. पण शुद्ध प्रत हाती आल्यावाचून कशाचाच अर्थ खात्रीने लावता येत नाही, हे दोन्हीकडे सारखेच खरे.

आणि शुद्ध म्हटलेली प्रतही किती शुद्ध असते? माणसाच्या पेशीत या प्रथिनाच्या पहिल्या अक्षरावर एक लहानशी रासायनिक टोपी चढते. जंतूला ती चढवता येत नाही, निदान खास सोय करून दिल्याशिवाय. म्हणजे हा लेखनिक अक्षरे बिनचूक लिहितो, पण अनुस्वार त्याला येत नाही! हे मी अण्णांना सांगितले तेव्हा ते पुष्कळ दिवसांनी खळखळून हसले. १९६२ साली लेखनाचे नवे नियम आले तेव्हा अण्णा चौदा वर्षांचे होते. ‘नाहीं’वरचा अनुस्वार त्यांच्या हातून अजून सुटलेला नाही.

एका शनिवारी भाची आम्हां दोघांना प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. अण्णांना जिना चढायला वेळ लागला. उंबऱ्याशी त्यांची पावले थबकतात, तशी तेथेही थबकली. मग ते एका उंच स्टुलावर बसले. समोर एक यंत्र नळ्यांची फळी एकसारखी हलवत होते. नळ्यांतले पाणी थोडे गढूळ दिसत होते.

“हे का हलवताय?” अण्णांनी विचारले.

“आजोबा, नुसतं ठेवलं तर हे प्रथिन बरेच दिवस शांत राहतं. ३७ अंशांवर असं हलवत राहिलं, की काही दिवसांत त्याचे धागे होतात. मेंदूत साचतात, साधारण तसले.”

अण्णा हलणाऱ्या फळीकडे आणि मांडीवर हलणाऱ्या आपल्या उजव्या हाताकडे आळीपाळीने पाहत राहिले. मी दुसरीकडे पाहिले.

“हे मला टोचलं तर बरं वाटेल?”

“नाही हो आजोबा. तुमच्याकडे हे कमी नाही. अमेरिकेत आयोवामध्ये एक घराणं सापडलं २००३ साली, त्यांच्यात हे जनुक जास्त झालं होतं, म्हणून त्यांना रोग झाला. तुमच्यातली अक्षरंसुद्धा बहुतेक बरोबरच असणार. ते वळतं मात्र भलतीकडे.”

“म्हणजे वळण बिघडलंय,” अण्णा म्हणाले.

भाची क्षणभर गप्प झाली. प्रथिनाच्या या दोषाला इंग्रजीत एक शब्द आहे, त्याला मराठी प्रतिशब्द काय करावा असे तिने मला पूर्वी एकदा विचारले होते आणि मी कोश चाळत बसलो होतो. चौतीस वर्षे मुलांचे अक्षर सुधारणाऱ्या माणसाने तो स्टुलावर बसल्या बसल्या दिला.

“हो, वळणच,” ती म्हणाली. “आणि एकाचं बिघडलं की त्याला टेकून दुसऱ्याचं बिघडतं.”

“वर्गात असंच होतं. एका बाकावरचा एक बिघडला की बाकच बिघडतो.” मग थोड्या वेळाने : “म्हणजे ही कुपी औषध नव्हे. कित्ता आहे. यावर तुम्ही लोक गिरवताय.”

तिने मान डोलावली. कोणते रसायन घातले असता वळण बिघडत नाही, बिघडलेले धागे कशाने सुटतात, हे आधी या कुपीतल्या प्रतीवर पाहायचे. या कित्त्यालाही मर्यादा आहेत, हे तिने लपवले नाही. २०२२ साली केंब्रिजच्या संशोधकांनी कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतले धागे काढून त्यांची बारीक रचना पाहिली. नळीत तयार केलेल्या धाग्यांचे वळण आणि त्यांचे वळण एक नव्हते. कित्त्यातले अक्षर आणि माणसाच्या हातचे अक्षर यांत फरक राहतोच. पण म्हणून कित्ता टाकून देता येत नाही.

एका कामी मात्र हा कित्ता आताच उपयोगी पडू लागला आहे. दुधाला विरजण लागते हे आपल्या घरातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. चमचाभर दही भांडेभर दुधाचे वळण बदलते. तसेच येथे. नळीत जंतूंनी केलेले शुद्ध प्रथिन घ्यायचे, हे दूध. त्यात माणसाच्या पाठीच्या कण्यातून काढलेले थोडे पाणी घालायचे. त्या पाण्यात बिघडलेल्या वळणाचे कण असतील तर ते विरजणाचे काम करतात, नळीत धागे धरू लागतात, आणि त्यांना चिकटणारा रंग चकाकू लागतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ११००हून अधिक लोकांच्या पाण्याची अशी परीक्षा घेतली. कंपवाताच्या रोग्यांपैकी सुमारे ८८ टक्क्यांत विरजण लागले. रोगाची बाहेरची लक्षणे दिसण्याआधीही काही जणांत ते लागल्याचे आढळले. अण्णांसाठी याचा उपयोग नाही. त्यांचे निदान त्यांच्या वहीनेच केले. पण ज्यांचे अक्षर अजून ओळीच्या शेवटपर्यंत नीट पोहोचते आहे, अशा कोणासाठी तरी उद्या असेल. त्यांत कदाचित मीही असेन, हा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही.

तेव्हा ‘मानवी’ या विशेषणाचा मी माझ्यापुरता अर्थ लावला आहे. वस्तू कोणापासून झाली, यावर ते विशेषण अवलंबून नसावे. लेखनिक जंतू असला तरी मजकूर आपला आहे. आणि तो तुमचा, माझा, कोंतुर्सीच्या शेतकऱ्याचा बहुतेक सारखाच आहे. ज्या मजकुरात आपण सगळे एक आहोत असे फार थोडे मजकूर मला माहीत आहेत, आणि त्यांतला हा एक साडेचार श्लोकांहूनही लहान आहे. तो ज्याच्या मेंदूत उलटला, त्याला या कुपीतून आज काही मिळायचे नाही, हे त्याला ठाऊक असते. तरीही तो जिना चढून ती पाहायला जातो आणि शोधणाऱ्याला शब्द देऊन येतो.

हल्ली दर रविवारी भाचीचा फोन येतो. पूर्वी अण्णा तिला जेवलीस का, झोपतेस का, असे विचारीत. आता विचारतात, “या आठवड्यात उकळलं का गं? किती निघालं?” कधी ती सांगते, अकरा मिलिग्रॅम. कधी सांगते, सगळे वाया गेले, पुन्हा पहिल्यापासून. मग अण्णा गोळी लागू पडल्याची वेळ पाहून घरखर्चाची वही उघडतात आणि दूध, भाजी, वाणी यांच्याखाली तारीख घालून तो आकडा मांडतात. वाया गेले तर त्या जागी ‘नाहीं’ असे लिहितात. मला ते वाचायला भिंग घ्यावे लागते. अनुस्वार मात्र जागच्या जागी असतो.